तपकिरी पाखरांच्या मागे : सुपे ते तांबडी सुर्ला

शनिवार, मयूरेश्वर

फेब्रुवारीच्या शेवटी निघायचं कारण ज्वारी. रब्बीची ज्वारी काढणीला आली की भारीट, म्हणजे दाणे खाणारी हिवाळी पाहुणी पाखरं, थव्यानं शेतात उतरतात, आणि मार्च सरत आला की परतीला लागतात. त्या आधी त्यांना नीट बघायचं होतं. भाची परीक्षा आटोपून मोकळी झाली होती. तिनं गेल्या हिवाळ्यापासून पक्ष्यांची वही ठेवायला घेतली आहे. ती वही चाळताना जे दिसलं, ते माझ्या ओळखीच्या बहुतेक पक्षिमित्रांच्या वह्यांतही दिसतं: जवळपास प्रत्येक नोंद नराची.

"माद्या दिसल्याच नाहीत का गं?" मी विचारलं.

"दिसल्या ना मावशी. पण त्या सगळ्या सारख्याच असतात."

मग ठरलं की या वेळी नर दिसला तर जरूर बघायचा, पण वेळ द्यायचा तो मादीला. माळरान, पाणथळ, ज्वारीची शेतं आणि शेवटी सह्याद्रीचं जंगल असा रस्ता आखला. सासवड, जेजुरी, मोरगाव करत उजाडता उजाडता सुप्याला पोचलो.

मयूरेश्वर अभयारण्य हे बारामती तालुक्यातलं जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान. १९९७ साली ते प्रामुख्यानं चिंकाऱ्यांसाठी राखलं गेलं. गवत वाळून पिवळं पडलं होतं, मधेमधे बोरी-बाभळी, आणि कुंपणाच्या खांबांवर गप्पीदास. कवड्या गप्पीदासाचा नर काळाकुट्ट, पंखावर पांढरा पट्टा. साध्या गप्पीदासाचा नर काळ्या डोक्याचा, छातीला नारिंगी. हे दोघे एकमेकांसारखे कुणालाच वाटणार नाहीत. माद्या मात्र दोघींच्याही तपकिरी, आणि दोघींनाही खांबाच्या टोकावर बसून शेपटी झटकायची सवय.

भाचीनं लगेच पुस्तक उघडलं. मी म्हटलं, आत्ता ते मिटव. आधी पाखरू बघ, चित्र मागाहून. नर बघताना आपली नजर रंगावर जाऊन थांबते आणि तिथंच काम संपतं. मादीच्या बाबतीत रंग सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी अंगलट, मग चोच, शेपटीची लांबी आणि ती कशी धरली आहे, पाठ कोरी की रेघांची, शेपटीच्या मुळाशी काय रंग आहे, आणि पाखरू जमिनीवर चालतं कसं. एवढं झालं की रंग बघायचा, तोही उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे.

पहिल्या खांबावरच्या मादीच्या पाठीवर गडद रेघा होत्या, डोळ्यावर फिकट भुवई, पंखात पांढुरका डाग. उडाली तेव्हा शेपटीच्या मुळाशी फिकट बदामी रंग दिसला. ही साधी गप्पीदास, उत्तरेकडून आलेली हिवाळी पाहुणी. दोन खांब सोडून बसलेली दुसरी अंगभर एकाच गडद तपकिरी छटेची. भुवई नाही, पंखात डाग नाही, पाठ कोरी. तिनं खाली झेप घेतली तेव्हा शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, गंजका तांबूस रंग चमकला. ही कवड्या, इथलीच.

त्याच कुंपणाखाली आणखी एक तपकिरी पाखरू दगडावरून दगडावर उड्या मारत होतं. ही चिरकाची मादी. अंगानं थोडी मोठी, शेपटी लांब आणि पाठीवर उभी धरलेली, त्यामुळे शेपटीखालचा विटकरी भाग आपोआप दिसतो. भाचीनं स्वतःच जुळवून सांगितलं, "म्हणजे कवड्याच्या मादीचा तांबूस शेपटीच्या वर, आणि चिरकाच्या मादीचा शेपटीच्या खाली." अगदी बरोबर. अभयारण्याच्या फाटकाजवळ थिरथिऱ्याची मादी भेटली तेव्हा ओळखायला भाचीनं क्षणही घेतला नाही. या मादीची जवळजवळ अख्खी शेपटीच नारिंगी-तांबूस असते, मधली पिसं तेवढी गडद, आणि ती सतत थरथरत असते. चार तपकिरी माद्या, आणि चौघींचा पत्ता शेपटीपाशी. पुस्तकांत बहुतेक वेळा पाखरू समोरून किंवा बाजूनं बसलेलं काढतात. मादीचं एक चित्र पाठीमागून, उडतानाचं, प्रत्येक पुस्तकात असायला हवं असं मला फार वाटतं.

ऊन चढलं तसे डोंबारी पक्षी गाडीवाटेवर उतरले. नराचं पोट काळं, डोकं राखी. बरोबरच्या माद्या मातकट, आखूड शेपटीच्या, जाड चोचीच्या. लांबून बघणारा त्यांना बेलाशक चिमण्या म्हणून सोडून देतो. इथे पिसांकडे बघायचीही गरज पडत नाही, पाय बघायचे. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. डोंबारीची मादी चंडोलाच्या कुळातली, ती एकेक पाऊल टाकत चालते, अंग जमिनीशी चिकटवून. शिवाय तिचा चेहरा कोरा असतो, चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते आणि पाठीवर ठळक काळ्या रेघा. भाची वाटेच्या कडेला पालथी पडून दहा मिनिटं नुसते पाय बघत राहिली.

दुपारी एका बाभळीखाली डबा उघडला तर वर पीतकंठी चिमणीची जोडी. या पाखराशी आपल्या पक्षिशास्त्राचं जुनं नातं आहे. मुंबईत लहानग्या सालिम अलींनी छर्ऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोण हे विचारायला ते १९०८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथे डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी ती ओळखून दिली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. मी ही गोष्ट भाचीला सांगितली आणि तिला मादीकडे बघायला लावलं. मादीच्या गळ्यावर तो डाग नसतोच किंवा नावापुरता असतो. मग तिची खूण काय? पाठ कोरी, एकही काळी रेघ नाही. पंखावर ठसठशीत पांढरी पट्टी, खांद्याशी फिकट तांबूस झाक, आणि चोच घरच्या चिमणीपेक्षा बारीक. त्या मुलाच्या हाती त्या दिवशी पिवळा डाग नसलेली मादी लागली असती, तर त्याला काही वेगळं वाटलं असतं का, असं भाचीनं विचारलं. मला याचं उत्तर देता आलं नाही.

रविवार, कुंभारगाव

रात्री भिगवणला मुक्काम. भीमेवरचं उजनी धरण १९८०च्या सुमाराला पूर्ण झालं, आणि त्याच्या फुगवट्यानं इथल्या गावांभोवती उथळ पाणी पसरलं. आता कुंभारगाव, डिकसळ ही नावं पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत, ती मुख्यतः रोहित, म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांमुळे. मासेमारी करणारी मंडळी होडीतून पर्यटकांना फिरवतात, आणि त्यांची नजर फार तयार आहे.

"ताई, फ्लेमिंगो पलीकडं हायेत, आधी तिकडं जायचं का?" होडीवाल्या दादांनी विचारलं.

"फ्लेमिंगो मागाहून बघू, दादा. आधी पाणकणसाच्या कडेकडेनं घ्या."

ते हसले, पण होडी अगदी अलगद घेतली. इंजिन बंद करून बांबूनं रेटत रेटत.

पाणकणसात सुगरणींचा थवा होता. पावसाळ्यात सुगरण नराचं डोकं पिवळंजर्द असतं, छातीही पिवळी. हिवाळ्यात तो पिवळेपणा गळून पडतो आणि नर मादीसारखाच दिसायला लागतो. म्हणून फेब्रुवारीत सुगरणींच्या थव्यात "माद्या खूप होत्या" असं लिहिण्यात अर्थ नाही. लिहायचं ते "मादीसारख्या वेशातले पक्षी". ही काळजी घेतली नाही तर नरांचं आणि माद्यांचं प्रमाण कागदावर पार उलटंपालटं होऊन जातं.

लिंग सांगता आलं नाही तरी जात मात्र सांगता येते. साध्या सुगरणीची छाती बदामी आणि कोरी, फार तर कडेला पुसट रेघा. रेघाळ सुगरणीच्या छातीवर आणि कुशीवर स्पष्ट गडद रेघा ओढलेल्या, डोक्यावरही जास्त काळेपणा, भुवई पिवळसर, मानेच्या बाजूला पिवळा डाग. या थव्यात दोन्ही होत्या. भाचीनं छातीकडे बघत बघत एकेक वेगळी काढली. काळ्या छातीची सुगरणही अशा पाणथळीत मिळू शकते, तिच्याही चेहऱ्यावर पिवळा असतो, पण छातीवर रेघांऐवजी धुरकट आडवा पट्टा असतो. ती आज दिसली नाही.

काठावरच्या एका बाभळीला गेल्या पावसाळ्यातली घरटी लटकत होती, काही अर्धवट सोडलेली. सालिम अलींनी १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींवर जे निरीक्षण केलं, त्यातूनच हे अर्धवट घरटं नीट समजलं. नर घरटं अर्ध्यापर्यंत विणतो आणि थांबतो. मादी येऊन ते तपासते. तिला पसंत पडलं तर ती तिथे राहते, मगच नर ते पूर्ण करतो आणि पुढे दुसऱ्या घरट्याच्या मागे लागतो. पिवळ्या डोक्याच्या त्या सगळ्या धांदलीत शेवटचा शब्द मादीचाच असतो.

परतताना लव्हाळ्याच्या बुडाशी चिखलात ब्लूथ्रोटची मादी दिसली. नराच्या गळ्यावरचा निळा-तांबूस शृंगार तिला नाही. गळा पांढरा, त्याभोवती काळ्या ठिपक्यांची माळ, ठळक भुवई, आणि उडताना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना तांबूस. दादांनीच ती आधी दाखवली. "ही रोज इथंच असती," म्हणाले. त्यांना तिचं नाव माहीत नव्हतं, पण ती कुठल्या चिखलात किती वाजता येते हे पक्कं माहीत होतं.

सोमवार, ज्वारीची शेतं

या प्रवासाचा खरा दिवस हा. भिगवणहून आडरस्त्यानं आत गेलं की काळ्या रानात मालदांडी ज्वारी उभी असते, पांढरट कणसं वाकलेली. काही शेतांत काढणी सुरू झाली होती, कडब्याच्या पेंढ्या उभ्या केलेल्या. बांधावर बसलेल्या एका आजोबांना विचारून शेतात शिरलो.

"चिमण्या बघायला आलाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"भारीट बघायला आलोय, आजोबा. पिवळी पाखरं."

"ती पिवळी? ही ज्वारी हुरड्यात आली की येत्यात बघा थव्यानं. अख्खं कणीस मोकळं करत्यात. गोफण मारून हात दुखला."

तेवढ्यात थवा उठलाच. काळ्या डोक्याचे नर, खालून झगझगीत पिवळे, पाठ तांबूस-विटकरी. त्यात मिसळलेले थोडे लाल डोक्याचे नर, चेहरा-छाती तांबडी, पाठ हिरवट-पिवळी. हे दोन भारीट दोन वेगळ्या दिशांनी इथे पोचतात. काळ्या डोक्याचा आग्नेय युरोप आणि पश्चिम आशियातून, लाल डोक्याचा मध्य आशियातून. दोघांचा हिवाळा बहुतांशी भारतातच जातो. उत्तर इराणात, कॅस्पियन समुद्राच्या बाजूला, दोघांचे विणीचे प्रदेश एकमेकांना भिडतात आणि तिथे संकरही होतो.

नर ओळखायला पाच मिनिटं पुरली. माद्यांसाठी सकाळ गेली, आणि ती सकाळ मला फार मोलाची वाटते.

एक माती-रंगाचं, जाड चोचीचं पाखरू कडब्याच्या पेंढीवर बसलं. ते यापैकी कुठल्या तरी भारिटाचंच, हे आधी पक्कं केलं. अंग चिमणीपेक्षा लांबट, चोच त्रिकोणी आणि दाणा चिरायला अडकित्त्यासारखी, पाठीवर बारीक रेघा, छाती कोरी, आणि शेपटीखालचा भाग पिवळा. मग ते उडालं तेव्हा शेपटीची बाहेरची पिसं बघितली. त्यात पांढरं नव्हतं. ही खूण फार कामाची. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या करड्या मानेच्या भारिटाच्या शेपटीला कडेनं पांढरं असतं, शिवाय त्याची चोच गुलाबी आणि डोळ्याभोवती पांढरं कडं. युवराज नावाच्या भारिटाची मादी तर डोक्यावरच्या तुऱ्यानं आणि पंखातल्या तांबूस रंगानं लगेच वेगळी पडते. म्हणजे पांढरी किनार नाही आणि शेपटीखाली पिवळं, एवढ्यावर प्रश्न दोघींपुरता उरला.

आता या दोघी. काळ्या डोक्याच्या भारिटाच्या मादीत नराच्या वेशाची पुसट सावली दिसते. गालाचा भाग थोडा गडद, गळा फिकट, आणि दोघांमधली सीमा नजरेला जाणवते. पाठीवर, विशेषतः शेपटीच्या मुळाशी, विटकरी झाक. चोच किंचित लांब. लाल डोक्याच्या मादीचा चेहरा अधिक एकसारखा, गाल आणि गळा यांत फारसा विरोध नाही. शेपटीच्या मुळाशी आणि कधी पाठीवर हिरवट-पिवळी झाक. चोच आखूड. काहींच्या कपाळावर किंवा छातीवर तांबूस वा पिवळसर रंग असतो, तो असला तर काम सोपं होतं. नसला तर पाखरू फिरून पाठ दाखवेपर्यंत थांबायचं.

भाची थांबली. पेंढीवरची ती मादी दाणा सोलत होती, तोंड आमच्याकडे. एकदा तिनं पंख ताणले आणि शेपटीच्या मुळाशी विटकरी रंग स्पष्ट दिसला, गालही गळ्यापेक्षा गडद. काळ्या डोक्याची मादी. त्यानंतर शेताच्या दुसऱ्या टोकाला, काढलेल्या रानात, एक फिकट चेहऱ्याची, आखूड चोचीची मादी दाणे टिपत होती. तिची पाठ सूर्याकडे आली तेव्हा हिरवट-पिवळा रंग निःसंशय दिसला. लाल डोक्याची मादी. बाकी कितीतरी पाखरं अशी होती की गाल मधलाच, पाठीचा रंग मधलाच. त्यात पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं असणार, कुणी संकरही असेल. त्यांना नुसतं भारीट म्हणून लिहिलं. पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट असा जोडपर्याय दिलेला आहे, तो अशाच पाखरांसाठी. तो निवडण्यात कमीपणा मुळीच नाही. अंदाजानं टाकलेलं नाव पुढे कुणाच्या तरी नकाशात ठिपका होऊन बसतं, आणि तो ठिपका पुसणं फार कठीण असतं.

दुपारी आजोबांनी हुरडा दिला, बरोबर लसणीची चटणी. त्यांच्याच बांधावर बसून भाचीनं मनातला प्रश्न विचारला. एवढा खटाटोप कशाला? नर मोजले की जात मोजली गेली ना?

नाही गेली. नर आणि माद्या एकाच ठिकाणी हिवाळा काढतात असं गृहीत धरता येत नाही. अठराव्या शतकात सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसला स्वीडनमध्ये दिसलं होतं की चॅफिंच या छोट्या पाखराच्या माद्या हिवाळ्यात दक्षिणेला जातात आणि नर बरेच मागे राहतात. अमेरिकेतल्या गोल्डन-विंग्ड वॉर्बलर या छोट्या पाखरावरचा २०१९ सालचा अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. या पक्ष्याच्या माद्या हिवाळ्यात नरांपेक्षा कमी उंचीवरच्या रानात राहतात, आणि तिथलं रान नरांच्या रानापेक्षा जास्त तुटलं. संवर्धनाची आखणी मात्र बहुतांश नरांच्या नोंदींवरून झालेली. आपल्या भारिटांच्या माद्या दख्खनच्या कुठल्या पट्ट्यात जास्त असतात, ज्वारीऐवजी ऊस आला तर आधी कोण हलतं, हे सांगायचं तर कुणीतरी शेतात उभं राहून माद्या लिहायला हव्यात. सोलापूर, बारामती, इंदापूर भागात पक्षी बघणारे कमी नाहीत. प्रत्येकानं एका हंगामात एका शेतातल्या माद्या नीट लिहिल्या तरी केवढं तरी हाताशी येईल.

भाची काही बोलली नाही. पण संध्याकाळी वहीत तिनं नर आणि मादी असे वेगळे रकाने आखले, आणि तिसरा रकाना "सांगता येत नाही" असा.

मंगळवार, रस्ता

फलटण, कऱ्हाड, कोल्हापूर. दिवसभर गाडी. कोल्हापुरात जेवण, आणि अंधार पडता पडता आंबोली.

बुधवार, आंबोली

पहाटे हिरण्यकेशीच्या वाटेवर शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू आली. भाची म्हणाली, "नर गातोय." मी विचारलं, कशावरून? या कस्तुराचे नर आणि मादी दिसायला सारखेच, गडद निळे. आणि गाणारा तो नर हा समजही जगभरात फार पक्का बसला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात गाणाऱ्या पक्ष्यांच्या ज्या जातींची माहिती मिळाली, त्यातल्या ७१ टक्के जातींत मादी गाते असं दिसलं. त्या अभ्यासकांचा निष्कर्ष असा की गाणाऱ्या पक्ष्यांच्या पूर्वजांतच माद्या गात होत्या. जिथे ती गात नाही तिथे ते गाणं नंतर हरवलेलं आहे. युरोप-अमेरिकेतल्या समशीतोष्ण पट्ट्यात, जिथे हा अभ्यास सुरू झाला, तिथे गाणाऱ्या माद्या तुलनेनं कमी, म्हणून समज उलटा झाला.

निखार पक्ष्यांच्या थव्यासाठी फार थांबलो नाही, कारण त्यांच्या माद्या सोप्या आहेत. नारिंगी निखाराची मादी कपाळापासून पोटापर्यंत पिवळी, छोट्या निखाराची मादी राखी, पोटावर जेमतेम पिवळसर. मान वर करकरून दुखते एवढाच त्रास.

खरी मजा शिंजिरांची, म्हणजे फुलांतला मध चोखणाऱ्या इवल्या पाखरांची. आंबोलीत घरांभोवतीच्या जास्वंदीवर आणि पांगाऱ्याच्या लाल फुलांवर ती सतत येत-जात असतात. नर एकेक रत्नासारखे, आणि माद्या सगळ्या हिरवट-पिवळ्या, वाकड्या चोचीच्या, एका जागी तीन सेकंद न थांबणाऱ्या. इथे मी भाचीला एकच जागा बघायला सांगितली, गळा. गळा आणि पोट दोन्ही एकसारखे पिवळे असतील तर जांभळा शिंजीर किंवा लोटेनचा. लोटेनच्या मादीची चोच इतकी लांब आणि इतकी वाकलेली असते की एकदा दिसली की शंका उरत नाही. गळा राखी-पांढरा आणि छाती पिवळी असेल तर जांभळ्या पाठीचा शिंजीर. तिच्या कुशी पांढुरक्या, पंखांवर तांबूस झाक. गळा आणि छाती दोन्ही राखट, पिवळा फक्त पोटाकडे, आणि अंग अगदीच इवलंसं असेल तर पाठीचा शेवट बघायचा. तिथे मळका लाल रंग असला की ती सह्याद्रीतली किरमिजी पाठीची मादी. जेमतेम आठ सेंटिमीटरचं पाखरू. या गटात मादीच्या अंगावरही लाल रंग देणारी ही एकटीच, आणि तो दिसतो ती फुलात डोकं घालून पाठमोरी झाली की. पिवळ्याचा मागमूस नसलेली, राखट-शेवाळी, अंगानं मोठी मादी दिसली तर विगर्सचा शिंजीर मनात आणायचा. तोही पश्चिम घाटातलाच.

अकराच्या सुमाराला एका घराच्या मागे जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी कोळ्याचं जाळं चोचीत गोळा करताना दिसली. या जातीत घरटं मादीच बांधते. गवत, सालीचे तुकडे, किड्यांची विष्ठा, आणि हे सगळं धरून ठेवायला कोळ्याचा धागा. नर जवळपास फिरत होता, गात होता, पण चोच रिकामी. पिल्लांना भरवायला मात्र तो मदत करतो. घरच्या काकूंना आम्ही काय बघतोय ते दाखवलं. "अगो बाई, ही तर रोज माझ्या ओसरीवरचं जाळं नेते," त्या म्हणाल्या, आणि आता काही दिवस कुंचा तिकडे फिरवणार नाही असं आपणहून सांगितलं.

गुरुवार, तांबडी सुर्ला

सावंतवाडी, बांदा, मग गोव्यातलं डिचोली, साखळी, वाळपई. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या पाषाणाचं, चहूबाजूंनी भगवान महावीर अभयारण्याचं जंगल. देवळात नमस्कार करून ओढ्याच्या काठानं आत शिरलो. माळरानाच्या उजेडातून आल्यावर इथला अंधार डोळ्यांना जाणवतो, आणि रंग ओळखायचे तर तो मोठाच अडसर. पण रंग शेवटी विचारायचा हे आता भाचीला सांगावं लागत नव्हतं.

ओढ्याकाठी खालच्या फांद्यांवर निळे माशीमार. टिकेलच्या निळ्या माशीमाराची मादी नराइतकी झळाळती नसली तरी तिच्या पाठीत निळेपणा असतो, छाती फिकट नारिंगी. थोडा उजेड मिळाला की निळा दिसतोच. पुढे, जमिनीपासून हातभर उंचीवर, दाट झुडपात, एक नारिंगी छातीचं पाखरू बसलं होतं. पाठीत निळ्याचा लवलेश नाही. ही पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराची मादी असावी असं मला पहिल्या नजरेत वाटलं. हा पक्षी पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही, आणि नर दाट सावलीत निळ्या-पांढऱ्या ठिपक्यासारखा लगेच उठून दिसतो, म्हणून बहुतेक फोटो त्याचेच असतात. पण हिवाळ्यात निळ्या गळ्याचा माशीमारही या बाजूला उतरतो, आणि त्याचीही मादी तपकिरी पाठीची, नारिंगी छातीची. म्हणून घाई केली नाही.

भाचीनं डोक्यापासून सुरुवात केली. डोकं राखाडी, पाठीपेक्षा वेगळ्या छटेचं. चोचीपासून डोळ्यापर्यंत पांढरट. गळा आणि छाती गडद नारिंगी, आणि पोट स्वच्छ पांढरं, सीमा बऱ्यापैकी स्पष्ट. मग शेपटी. निळ्या गळ्याच्या मादीच्या शेपटीत तांबूसपणा थोडाच, गळाही फिकट मलईकडे झुकणारा. या पाखरानं एकदा जागा बदलली, पानांतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत शेपटी पसरली, आणि ती पूर्ण तांबूस-विटकरी होती. तिथे शंका संपली.

थोड्या वेळानं तिच्याशेजारी जमिनीवर आणखी एक तपकिरी पाखरू पाचोळा उलथत होतं. आखूड शेपटी, लांब पाय, छातीवर खवल्यांसारखी नक्षी, आणि मधूनच शेपटी थरथरवणं. ही हिमालयातून उतरलेल्या इंडियन ब्लू रॉबिनची मादी. निळं नाव असलेल्या पाखराच्या अंगावर निळा नाही. माशीमार उभा बसतो, फांदीवरून झेपावतो, पुन्हा फांदीवर येतो. ही आडवी राहते आणि पाचोळ्यातून उड्या मारत फिरते. दोघींमध्ये वीतभर अंतर होतं, तरी भाचीनं पुस्तक उघडलं नाही.

देवळाबाहेरच्या कट्ट्यावर बसून तिनं वही पूर्ण केली. मादीचा रकाना पहिल्यांदाच नराच्या रकान्याच्या बरोबरीनं भरला होता. पुढच्या वेळी नोव्हेंबरात, भारीट नुकते उतरतात तेव्हा त्याच आजोबांच्या शेतात जायचं असं आमचं ठरलं. तेव्हा ज्वारी हिरवी असते आणि थवे बांधावरच्या गवतात दाणे टिपतात. पाखरं जमिनीलगत असली की शेपटीच्या मुळाचा रंग बघायला जास्त संधी मिळते. आजोबांचा फोन नंबर भाचीनं आधीच घेऊन ठेवला आहे.